नाव, पत्ता आणि क्रमांक

श्रवणबेळगोळ येथील विंध्यगिरीवर, गोमटेश्वराच्या पायाशी, मराठी भाषेतील एक लहानसा लेख कोरलेला आहे. चावुंडराजाने ही मूर्ती करविली आणि गंगराजाने तिच्याभोवतीचा प्राकार करविला, एवढाच त्याचा आशय. दीर्घकाळ हा मराठीतील सर्वांत जुना कोरीव लेख मानला जात होता. त्याच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. तथापि मराठी भाषेचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही त्याला वगळून पुढे जाता आलेले नाही. हा लेख पाहू इच्छिणारा प्रत्येक वाचक काही डोंगर चढून जात नाही. तो ग्रंथालयात जातो, ‘एपिग्राफिया कर्नाटिका’ या ग्रंथमालेचा दुसरा खंड मागवितो आणि जवळच्या टिपणात लिहिलेल्या क्रमांकाचा लेख शोधू लागतो. येथे त्याची फसगत होण्याचा संभव असतो. या खंडाच्या तीन आवृत्त्या आहेत आणि तिन्हींतील क्रमांक एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिली आवृत्ती म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख बेंजामिन लुईस राइस यांची. ती १८८९ मध्ये निघाली व तीत १४४ लेख होते. त्यानंतर त्याच खात्याची धुरा वाहिलेले आर. नरसिंहाचार यांनी तेथील टेकड्या, बस्त्या आणि गाव नव्याने धुंडाळले. १९२३ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखांची संख्या ५०० झाली होती. म्हैसूर विद्यापीठाच्या कन्नड अध्ययन संस्थेने १९७३ मध्ये काढलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ती ५७३ वर गेली. नव्याने सापडलेले लेख यादीच्या शेवटी जोडले असते तर काही बिघडले नसते. परंतु लेख जेथे आहेत त्या स्थळांच्या क्रमाने लावण्याची पद्धत संपादकांनी स्वीकारली होती, त्यामुळे नवे लेख जुन्यांच्या मध्ये बसले आणि त्यांच्या पुढचे सारे क्रमांक सरकले. पार्श्वनाथ बस्तीतील स्तंभावर शके १०५० मध्ये देह ठेवलेल्या मल्लिषेण मुनींची प्रसिद्ध प्रशस्ती कोरलेली आहे. राइस यांच्या पुस्तकात तिचा क्रमांक ५४. नरसिंहाचार यांच्या पुस्तकात ६७. स्तंभ जागचा हलला नाही, त्यावरील एक अक्षरही बदलले नाही, तरी १९२३ नंतर ‘श्रवणबेळगोळ ५४’ या शब्दांनी दोन भिन्न शिलालेखांचा बोध होऊ लागला.

या विद्वानांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी दिलेला क्रमांक हा मुळात यादीतील स्थानाचा निर्देश होता. पुढे अभ्यासकांनी त्याचा उपयोग त्या लेखाची ओळख म्हणून केला. यादीतले स्थान आणि वस्तूची ओळख या दोन भिन्न गोष्टी होत. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे कागदाच्या युगात जो गोंधळ झाला, तोच आज संगणकाच्या युगात, अधिक वेगाने, होत असतो. संकेतस्थळावरील पृष्ठांना व ती ज्या फाइलींत साठविलेली असतात त्या फाइलींच्या मार्गांना एकमेव असा क्रमांक कसा द्यावा, हा वरवर पाहता केवळ आज्ञावली लिहिणाऱ्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्षात तो ग्रंथपालाचा जुनाच प्रश्न आहे.

म्हैसूर शहराला तो परका नाही. १८९१ मध्ये तेथे प्राच्य ग्रंथालय स्थापन झाले, १९१६ मध्ये ते नव्या म्हैसूर विद्यापीठाकडे आले आणि १९४३ पासून ते प्राच्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा १९६६ मध्ये उटकमंडहून म्हैसूरला आली. भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने स्थापन केलेली संस्था १९६९ पासून तेथेच आहे. पोथ्या, शिलालेखांचे ठसे, शब्दकोश यांचे असे भांडार एकाच शहरात एकवटलेले भारतात क्वचितच आढळेल. भांडार मोठे असेल तेथे क्रमांकाचा प्रश्न टळत नाही.

राइस यांनी शिलालेखांना जे नाव दिले त्याची घडण पाहण्यासारखी आहे. १८८६ ते १९०५ या काळात बारा खंडांतून सुमारे ९,००० लेख त्यांनी प्रसिद्ध केले. बहुतेक खंड जिल्ह्यांप्रमाणे पाडलेले होते, खंडात तालुक्यांप्रमाणे विभाग केलेले होते आणि प्रत्येक तालुक्यात क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत असे. म्हणजे एखादा लेख सांगायचा तर जिल्हा, मग तालुका, मग अंक, अशी पायरीपायरीने खाली उतरणारी वाट सांगावी लागे. संगणकातील फाइलीचा मार्ग याहून निराळा नाही. मोठ्या कप्प्याचे नाव, त्यातल्या लहान कप्प्याचे नाव, शेवटी फाइलीचे नाव, आणि त्यांच्यामध्ये एक तिरपी रेघ. दोन वेगवेगळ्या तालुक्यांत ‘क्रमांक १’ असू शकतो, तसेच दोन वेगवेगळ्या कप्प्यांत ‘अनुक्रमणिका’ नावाची फाइल असू शकते. पूर्ण मार्ग मात्र एका वेळी एकाच वस्तूकडे नेतो.

‘एका वेळी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. राइस यांच्या म्हैसूर जिल्ह्याच्या दोन खंडांत श्रीरंगपट्टण, मंड्या, मळवळ्ळी, नागमंगल हे तालुके आहेत. १९३९ मध्ये मंड्या जिल्हा वेगळा झाला आणि हे चारही तालुके त्यात गेले. चामराजनगर १९९७ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. २०१४ च्या नोव्हेंबरात खुद्द म्हैसूरचे अधिकृत नाव ‘मैसूरु’ झाले. आता अशी कल्पना करावी की, या लेखांची पृष्ठे कोणी संगणकावर ठेवली आहेत आणि कप्प्यांची नावे जिल्ह्यांवरून दिली आहेत. जिल्हा बदलला की नीटनेटकेपणाची हौस असलेला कर्मचारी फाइली नव्या कप्प्यात हलवील. त्याचे काम चोख असेल. परंतु जुना मार्ग जेथे जेथे लिहून ठेवलेला होता, प्रबंधात, पत्रात, दुसऱ्याच्या पृष्ठावर, तेथे तेथे तो निरुपयोगी होईल. जागतिक जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावले होते की, चांगला पत्ता तो जो बदलत नाही. उपदेश रास्त आहे, पण जिल्ह्यांची पुनर्रचना करणारे तो वाचत नाहीत. म्हणून मार्गापासून वेगळी, त्याच्या बदलाने न हलणारी अशी दुसरी ओळख प्रत्येक पृष्ठाला असावी लागते. पायथन या संगणकभाषेत हे काम कसे करतात ते आता पाहू.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा साधी व सुवाच्य असल्याने भाषाशास्त्रज्ञ, ग्रंथपाल, इतिहासकार असे संगणकशास्त्राबाहेरचे लोकही ती वापरतात. (तिच्या नावाचा अजगराशी संबंध नाही, ते एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून घेतलेले आहे.) नवशिक्या मनुष्याला सुचणारा पहिला उपाय सोपा असतो. कप्प्यातील सर्व फाइलींची यादी मागवावी आणि तिच्यावर ओळीने १, २, ३ असे अंक घालावेत. पायथनमध्ये हे दोन-तीन ओळींत होते. अडचण अशी की, यादी मागविणारी आज्ञा फाइली कोणत्या क्रमाने देईल याची ती भाषा हमी देत नाही. आज एका यंत्रावर एक क्रम, उद्या दुसऱ्या यंत्रावर दुसरा. यादी वर्णानुक्रमाने लावून घेतली तर हा दोष जातो, पण त्याहून खोल दोष उरतोच. ‘अ’ने सुरू होणारी एक नवी फाइल आली की तिच्यामागच्या सर्व फाइलींचे अंक एकेकाने वाढतात. श्रवणबेळगोळ येथे हेच घडले होते. तेथे त्याला चौतीस वर्षे लागली. संगणकावर आज्ञावली रोज रात्री चालत असेल तर ते रोज रात्री घडते.

दुसरा उपाय अधिक चतुर भासतो. यादी नकोच, मार्गाच्या अक्षरांवरूनच गणिताने एक अंक काढावा. अक्षरे तीच तर अंक तोच, मग नोंद ठेवण्याचे कारणच काय? पायथनमध्ये अशा अंकासाठी ‘हॅश’ नावाची अंगभूत क्रिया आहे आणि अनेकजण विश्वासाने ती वापरतात. आज काढलेले अंक ते जपून ठेवतात आणि उद्या आज्ञावली पुन्हा चालविल्यावर एकही अंक जुळत नाही असे पाहून चकित होतात. यात यंत्राचा बिघाड नाही. २०११ च्या अखेरीस असे दाखवून देण्यात आले होते की, ज्यांचा अंक सारखाच येतो अशी हजारो नावे मुद्दाम तयार करून एखाद्या संकेतस्थळाला गुदमरवून टाकता येते. त्यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये आलेल्या पायथनच्या ३.३ आवृत्तीपासून अक्षरमालेचा अंक काढताना दर वेळी एक नवा गुप्त आकडा त्यात मिसळला जाऊ लागला. तो अंक एका बैठकीपुरता खरा. वर्गातल्या मुलांना तासापुरते दिलेले हजेरीचे आकडे जसे दुसऱ्या दिवशी बदलावेत, तसा तो आहे. कायमची ओळख म्हणून त्याचा उपयोग करणे हे त्याच्या निर्मात्यांच्या मनात कधीच नव्हते.

दर वेळी तोच अंक देणाऱ्या गणिती पद्धतीही पायथनबरोबर मिळतात. त्यांतली एक, ‘शा-२५६’ नावाची, कोणत्याही मजकुरापासून २५६ द्विअंकांची संख्या काढते. इतकी लांब संख्या कोणी वापरत नाही. तिचा आरंभीचा भाग कापून घेतात. किती कापावा, हा प्रश्न गमतीचा आहे. ३२ द्विअंक घेतले तर सुमारे ४२९ कोटी निरनिराळे अंक मिळतात. पृष्ठे एक लाखाच्या आतबाहेर असतील तर ४२९ कोटी अंक पुरून उरतील असे कोणालाही वाटेल. पण सुमारे ७७,००० पृष्ठे होताच त्यांतील कोणत्यातरी दोघांना एकच अंक मिळण्याचा संभव निम्म्यावर येतो. तेवीस माणसे एकत्र जमली तर त्यांत कोणत्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असतो, हे सुपरिचित कोडे आणि ही अडचण एकच होत. ६३ द्विअंक घेतले (बहुतेक नोंदकोशांत एवढीच मोठी धन संख्या मावते) तर दहा लाख पृष्ठांतही टक्कर होण्याचा संभव सुमारे १ कोटी ८४ लाखांत एक इतका उतरतो. व्यवहारात एवढे पुरे. मात्र तो अंक एकोणीस आकड्यांपर्यंत जातो. तो दूरध्वनीवरून सांगता येत नाही, हाताने उतरवताना चुकतो, आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत तर साधारण सोळा आकड्यांच्या पुढच्या पूर्णांकाचे शेवटचे आकडे कधी कधी मुकाट्याने बदलतात.

एवढे सोसूनही मूळ अडचण राहतेच. मार्गावरून काढलेला अंक ही मार्गाचीच दुसरी लिपी होय. मार्ग बदलला की अंकही बदलतो. मंड्याची फाइल म्हैसूरच्या कप्प्यातून बाहेर पडली की तिची ओळख पुसली. मार्गाऐवजी मजकुरावरून अंक काढला तर फाइल कोठेही हलवावी, अंक टिकतो. पण मग वाचनातील एक चूक दुरुस्त केली, एक काना वाढवला, की तो बदलतो. शिलालेखाच्या संपादकाला अशा दुरुस्त्या आयुष्यभर कराव्या लागतात. गणिताला फक्त समोरची अक्षरे दिसतात. ही वस्तू कालचीच आहे हे ठरविणे हा निर्णय आहे आणि निर्णय कोठेतरी लिहून ठेवावा लागतो.

म्हणून फिरून नोंदवहीकडेच यावे लागते. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद होते व त्याला पुढचा अंक मिळतो. हा दाखल क्रमांक पुस्तकाचा विषय सांगत नाही, कपाट सांगत नाही, मोल सांगत नाही. ती कामे वर्गांकाची. रंगनाथन यांच्या पद्धतीने लावलेला वर्गांक अर्थाने भरलेला असतो आणि म्हणूनच विषयाची समज बदलली की तो बदलावा लागतो. दाखल क्रमांक मुका असतो आणि म्हणून टिकतो. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ग्रंथ लिपीतील एक ताडपत्री पोथी आणून दिली, तेव्हा ती इतर पोथ्यांसारखीच एक होती. तेथील ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी ती वाचली, १९०५ पासून तिचे भाषांतर भागश: प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, १९०९ मध्ये संहिता छापली, १९१५ मध्ये संपूर्ण इंग्रजी भाषांतर काढले, आणि कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’, ज्याचे केवळ उल्लेख ठाऊक होते, ते जगापुढे आले. पोथी दाराशी आली त्या दिवशी तिला ‘महत्त्वाच्या’ पोथ्यांसाठी राखलेला अंक देण्याची बुद्धी कोणाला होणे शक्य नव्हते. क्रमांकात अर्थ भरू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य आठवावे. संकेतस्थळांवर मात्र आजही अंकाचे पहिले दोन आकडे विभागाचे, पुढचे दोन वर्षाचे, अशा योजना उत्साहाने आखल्या जातात आणि पहिली खातेफोड होताच कोलमडतात.

पायथनमधील नोंदवही म्हणजे बहुधा ‘एसक्यूलाइट’ हा लहानसा नोंदकोश; तो त्या भाषेबरोबरच येतो. तीत दोन तक्ते असावेत. पहिल्यात पृष्ठाचा क्रमांक व दाखल झाल्याचा दिवस. दुसऱ्यात मार्ग, आणि तो मार्ग कोणत्या क्रमांकाच्या पृष्ठाचा आहे हे. नवा मार्ग दिसला की आज्ञावली दुसऱ्या तक्त्यात शोधते. सापडला तर जुनाच क्रमांक परत देते, न सापडला तर पहिल्या तक्त्यात पुढचा अंक घेऊन दोन्हीकडे नोंद करते. फाइल हलली तर दुसऱ्या तक्त्यात त्याच क्रमांकासमोर नव्या मार्गाची ओळ वाढते आणि जुनी ओळही तशीच राहते. जुन्या मार्गाने आलेल्या वाचकाला त्या ओळीवरून नव्या ठिकाणी पाठविता येते. नरसिंहाचार यांच्या आवृत्तीनंतर अभ्यासकांनी ‘६७ (५४)’ असे दोन्ही अंक शेजारी लिहिण्यास सुरुवात केली. तो कंस म्हणजे हा दुसरा तक्ताच.

फाइल हलली हे यंत्राला कसे कळावे? पुष्कळदा कळत नाही. रात्री चालणाऱ्या आज्ञावलीला एवढेच दिसते की, एक मार्ग नाहीसा झाला आणि एक नवा उगवला. दोन्हींतील मजकूर अक्षरश: एक असेल तर मजकुरावरून काढलेला अंक तेथे साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो, ओळख म्हणून नालायक ठरलेली गोष्ट पुरावा म्हणून चांगली असते. मजकूरही बदलला असेल तर माणसालाच विचारावे लागते. हे काम यंत्रावर ढकलण्याचा मोह टाळलेला बरा.

क्रमांकाचा पुनर्वापर हा दुसरा धोका. जीर्ण पुस्तक काढून टाकले तरी जाणता ग्रंथपाल त्याचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला देत नाही. नोंदीवर लाल रेघ ओढतो आणि पुढे जातो. एसक्यूलाइट मात्र, स्वतंत्र सूचना दिली नसेल तर, अस्तित्वात असलेल्या सर्वांत मोठ्या अंकाच्या पुढचा अंक देतो. शेवटची नोंद पुसली की तिचा अंक मोकळा होतो आणि दुसऱ्याच दिवशी नव्या पृष्ठाला मिळतो. तक्ता तयार करतानाच ‘ऑटोइन्क्रिमेंट’ हा एक शब्द लिहिला तर हे टळते. त्याहून उत्तम म्हणजे नोंद पुसूच नये. पृष्ठ रद्द झाल्याचा दिवस तिच्यासमोर लिहावा. ज्याने तो क्रमांक टिपून ठेवला आहे त्याला ‘हे पृष्ठ काढून घेतले आहे’ असे उत्तर मिळेल. भलतेच पृष्ठ उघडण्यापेक्षा ते बरे, कारण भलते पृष्ठ उघडले तर चूक झाल्याचे त्याला कळणारही नाही.

मार्ग ‘तोच’ आहे की नाही हे ठरविणेही दिसते तितके सोपे नाही. एका यंत्रावर कप्प्यांमधली रेघ उजवीकडे झुकते, दुसऱ्यावर डावीकडे. शेवटी रेघ असली काय, नसली काय, माणसाला फरक वाटत नाही. यंत्राला तो वाटतो. रोमन लिपीतील मोठी व लहान अक्षरे काही यंत्रे एक समजतात, काही वेगळी. भारतीय लिप्यांत तर आणखी एक सूक्ष्म फरक आहे. ‘शेतकऱ्याचे’ या शब्दातील ‘ऱ’ हे अक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिले जाते: एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हे मिळून. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ती दोन नावे आहेत, दोन मार्ग आहेत, आणि नोंदवहीत त्यांना दोन क्रमांक मिळतील. कन्नडमध्येही तसेच: ‘कोडगु’ या नावातील ऱ्हस्व ‘ओ’ची खूण एकसंध लिहिता येते किंवा दोन तुकड्यांनी. राइस यांच्या मालेचा पहिला खंड त्याच कोडगूचा. त्याचे पृष्ठ अशा रीतीने स्वत:चाच जुळा भाऊ होऊन बसू शकते. यावर उपाय ठरलेला आहे. नोंदवहीत शिरण्याआधी प्रत्येक मार्ग एकाच ठराविक रूपात आणावा, आणि पायथनमध्ये त्यासाठी तयार साधने आहेत. पण ते पहिल्या दिवसापासून करावे लागते. दहा हजार नोंदी झाल्यावर जुळे वेगळे करीत बसणे हे फार कंटाळवाणे काम आहे.

दोन कारकून एकाच वेळी दोन वह्यांत अंक घालू लागले तर काय होईल हे सांगावयास नको. एका यंत्रावर नोंदकोश स्वत:च कुलूप घालतो व एकाचे काम होईतो दुसऱ्याला थांबवितो. दोन गावी काम चालत असेल तर एकाला १ ते १ लाख व दुसऱ्याला त्यापुढचे अंक वाटून द्यावेत, ही जुनी युक्ती अजूनही चांगली आहे. पुराभिलेख शाखेने वेगळी वाट धरली. तिच्या वार्षिक अहवालांत दर वर्षी क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतो, म्हणून ‘अमुक सालचा अमुक क्रमांक’ असा जोड उल्लेख करावा लागतो. वर्ष विसरले तर उल्लेख वाया जातो, हा त्यातला दोष. पण एकदा छापलेला अहवाल कोणी पुन्हा लावीत नाही, म्हणून तो जोडक्रमांक हलत नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई पीठाने तमिळ शिलालेखांचे ठसे म्हैसूरहून चेन्नईला हलविण्याचा आदेश दिला. ठशांवर हक्क कोणाचा, हा वाद येथे अप्रस्तुत आहे. क्रमांकापुरते पाहिले तर असे स्थलांतर निर्वेध होऊ शकते. ठसा म्हैसूरच्या कपाटात असो वा चेन्नईच्या, तो त्या सालचा तोच क्रमांक राहतो. त्याच्या नावात कपाट नाहीच.

राहता राहिली नोंदवहीची स्वत:ची सुरक्षितता. गणिताने काढलेला अंक पुन्हा काढता येतो; नोंदवहीने दिलेला अंक ती वही हरवली की कायमचा गेला. पृष्ठे सगळी शाबूत, पण कोणाचा क्रमांक कोणता हे सांगणारे कोणी नाही, अशी अवस्था होते. फाइल कितीही लहान असली तरी तिच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवणे हा एक उपाय झाला. दुसरा उपाय पोथ्या सांभाळणाऱ्यांचा आहे. ताडपत्री पोथीचा क्रमांक वहीत असतो, तसाच तो पोथीच्या लाकडी फळीवर डकविलेल्या चिठ्ठीवरही असतो. पृष्ठाला क्रमांक मिळताच आज्ञावलीने तो त्या पृष्ठाच्या शिरोभागी, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, लिहून ठेवावा. मग फाइल कोणत्याही कप्प्यात जावो, कोणतेही नाव घेवो, आपला क्रमांक बरोबर नेते. आणि वही जळाली तरी सर्व पृष्ठांवरून एक फेरी मारून ती पुन्हा लिहून काढता येते. ज्या पृष्ठांवर क्रमांक दोनदा आढळेल ती कोणीतरी नक्कल केलेली असतील. त्यांतील मूळ कोणते ते, दाखल झाल्याचा दिवस पाहून, संपादकाने ठरवावयाचे.